फोटोखालचं नाव

राष्ट्रपती मुंबईत येणार म्हटलं की आमच्या घरात चार दिवस आधीपासून कटकट सुरू होते. माझ्या राजेशला पास काढायचा असतो. त्यासाठी आधी आधार कार्ड द्या, मग फोटो द्या, मग पोलीस चौकशीला येणार की हा माणूस इथेच राहतो का. लालबागच्या ह्याच चाळीत, ह्याच दोन खोल्यांत तो जन्मला, आणि दर खेपेला नवा शिपाई येऊन मला विचारतो, मावशी, तुमचा मुलगा करतो काय? मी सांगते, फोटो काढतो. कोणाचे? म्हटलं, ज्यांच्यासाठी तुला इथे पाठवलाय त्यांचे.

लोकांना वाटतं केवढं मोठं काम, राष्ट्रपतींच्या पुढ्यात उभा राहतो. काय काम आहे ते मला विचारा. अकराचा कार्यक्रम असला तर सातला पोचायचं. कॅमेरे जमिनीवर ओळीनं मांडायचे, कुत्रा येऊन हुंगून जातो. मग दोरीच्या मागे उभं राहायचं. बसायला जागा नाही, पाण्याची बाटली आत नेता येत नाही. चार तासांनी राष्ट्रपती येतात, पडदा ओढतात नाहीतर फीत कापतात, नाहीतर कोणाच्या तरी गळ्यात पदक घालतात. ती दोन मिनिटं. दोरीमागे पंचवीस जण एकदम कॅमेरे उचलतात, तेवढ्यात पोलीस म्हणतात, चला, झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच फोटो, तोच हात, तीच कात्री. राजेश आता बावन्न वर्षांचा आहे. घरी आला की पायांतले बूट काढायलाच त्याला पाच मिनिटं लागतात.

पण नाव येतं. तेवढं येतं. आमच्या बाहेरच्या खोलीत माझे मालक धोंडू परब ह्यांचा हार घातलेला फोटो आहे, आणि त्याच्या बाजूला राजेशच्या पेपरातली नऊ कात्रणं, मी तसबिरी करून लावलेली. सगळी राष्ट्रपतींची. तीन-चार वेगवेगळे राष्ट्रपती झाले तेवढ्यात. मी शिकलेय तिसरी. अक्षर अक्षर लावून वाचते, पेपरचं एक पान संपायला मला दुपार जाते. पण ‘छाया : राजेश परब’ एवढं मला मोरीच्या दारातूनसुद्धा वाचता येतं.

त्या नवांत एक फोटो माझा लाडका. चौदा वर्षांपूर्वीचा. दादरला कुठल्याशा संस्थेचा कार्यक्रम होता, समई लावायची होती. अशा वेळी सगळे काय करतात, मेणबत्ती वातीला टेकवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढतात. वात पेटली काय, विझली काय. ह्या फोटोत मागे मंत्री, महापौर, त्यांच्या बायका, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. आणि राष्ट्रपती एकटे खाली वाकलेत, बोटानं वात पुढे सारतायत, दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय. कुडत्याची बाही तेलाला लागेल म्हणून कोपरापर्यंत वर घेतलीय. मी बघितलं तेव्हाच म्हटलं, ह्या माणसानं घरी देवापुढे दिवा लावलाय. घरी कोणी आलं की मी आधी तो फोटो दाखवायची. पाणी नंतर.

गेल्या महिन्यात दिल्लीहून कोणा संस्थेचा निरोप आला. राष्ट्रपतींच्या कार्यक्रमांच्या फोटोंचं एक मोठं पुस्तक निघतंय, सगळ्या देशातून फोटो निवडलेत, आणि त्यात राजेशचा हा समईचा फोटो आहे. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव आणि दोन ओळी माहिती. प्रकाशनाला बोलावणार.

राजेशच्या पेपरात त्याच सुमाराला भलतंच चाललं होतं. फोटोग्राफर चार, ठेवायचे दोन. तिघं राजेशपेक्षा लहान, मोटारसायकलवरून उडत जाणारे. साहेबानं राजेशला सांगितलं, ते दिल्लीचं पुस्तक येऊ दे, मग तुला कोण हात लावतो बघू. सूनबाई दर्शनानं हे ऐकलं आणि गणपतीला नारळ बोलली. आमची सुरुची इंजिनिअरिंगला आहे, अजून दोन वर्षं काढायचीत. तेव्हा त्या फोटोवर आमचं घर किती टेकलं होतं, ते मला कळत होतं. कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण दिल्लीवाल्यांना कात्रण चालत नव्हतं. त्यांना मूळ फोटो पाहिजे होता, कॅमेऱ्यातून निघालेला, मोठा. राजेश म्हणाला, मिळेल, आणि तोंड फिरवून बसला. मी म्हटलं थकलाय.

आता परवा राष्ट्रपती दोन दिवसांसाठी आले. पहिल्या दिवशी राजेश पहाटेच गेला होता, दर्शना लॅबमध्ये कामाला. दुपारी बाराच्या सुमाराला दारात प्रिती. हितेंद्रची बायको. हितेंद्र आणि राजेश दोरीमागे खांद्याला खांदा लावून पंचवीस वर्षं उभे राहिले. राजेश पेपरचा, हितेंद्र एजन्सीचा, म्हणजे सगळ्या पेपरांना फोटो विकणाऱ्या कंपनीचा. माणसं गुजराती, पण चार पिढ्या गिरगावात, खोताच्या वाडीला लागून. प्रितीचं मराठी माझ्या सुनेपेक्षा चांगलं. तीन वर्षांपूर्वी हितेंद्रचे हात कापायला लागले आणि त्याचं काम सुटलं.

प्रितीनं पिशवीतून एक पाकीट काढलं, आत काडेपेटीएवढी डबी. म्हणाली, राजेशभाईंना द्या, त्यांना माहीत आहे. उभ्या उभ्या निघाली. मी बरी जाऊ देईन. गिरगावातून एवढी आलीस, पाणीतरी घे, म्हटलं. आणि बसवली ती नेमकी त्या भिंतीसमोर.

झालं, माझं तोंड सुरू झालं. हा बघ, म्हटलं, हाच फोटो दिल्लीला चाललाय. पंचवीस जण उभे होते गो तिथे, पण नजर एकाचीच. सगळे मंत्र्यांच्या दातांकडे बघत होते आणि माझ्या लेकानं हात बघितला. बाकीच्यांनी काय, नुसती बटणं दाबली.

प्रिती ऐकत होती. पाण्याचा ग्लास तिनं तोंडाला लावलाच नाही. मग एकदम शांतपणे म्हणाली, “काकी, त्या दिवशी तुम्ही आयसीयूत होता ना?”

मी म्हटलं, कधी?

“हा फोटो काढला त्या दिवशी. राजेशभाई तुमच्याकडे होते.”

मी आयसीयूत होते हे खरं. माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा आहेत, त्या तेव्हाच्या. बाराव्या दिवशी घरी आले तेव्हा दर्शनानं हे कात्रण उशीखाली जपून ठेवलं होतं, ते मला दाखवलं. राजेश तीन दिवस आयसीयूबाहेरच्या बाकड्यावरून उठला नाही, नुसत्या चहावर होता, हे मीच चाळभर सांगत फिरले. आणि त्याच तोंडानं हा फोटोपण त्यानंच काढला म्हणून सांगत आले. दोन्ही एकाच दिवसाचं. चौदा वर्षांत हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही. तसबीर करताना तारखेचा भाग मीच कापायला लावला होता, काचेत मावत नव्हता म्हणून.

मग प्रितीनं सांगितलं ते असं. राजेशला तेव्हा पेपरनं तंबी दिली होती, राष्ट्रपतींचा फोटो चुकला तर घरी बसायचं. त्यांना आई आजारी वगैरे चालत नव्हतं. हितेंद्र कार्यक्रम आटपून तसाच परळला हॉस्पिटलात आला, बाकड्यावर राजेशच्या शेजारी बसला आणि त्याला एक फोटो दिला. एजन्सीला दुसरा पाठवला, सगळ्यांनी काढला तसला. दात काढलेला.

“मी विचारलं ह्यांना, चांगलाच कशाला दिलात, बाकीचे होते की,” प्रिती म्हणाली. “म्हणाले, द्यायचाच तर वाईट कशाला देऊ.”

तू मागायला आलीस का, मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

नाही म्हणाली. दिल्लीवाल्यांना पाहिजे तो मूळ फोटो डबीतल्या कार्डात आहे, त्यांनी द्यायला सांगितलं, दिलं. आणि चप्पल घालून गेली. पाणी तसंच राहिलं.

मला वाटलं होतं मला राग येईल. राग आलाच नाही. ह्या पोरीसमोर मी काय काय बोलले, ते एकेक आठवत होते. नुसती बटणं दाबली, म्हटलं होतं मी.

राजेश तीनला आला. मी त्याला आधी जेवू दिलं. सोलकढीचा दुसरा ग्लास भरताना पाकीट पुढे ठेवलं आणि म्हटलं, प्रिती येऊन गेली. त्यानं पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याला कळलं.

तो काय म्हणाला ते सांगते, कारण त्याची बाजूपण आहे. दोरीमागे उभं राहणाऱ्यांची ही पद्धतच आहे. नेमक्या वेळेला कोणाला पोलीस ढकलतो, कोणाचा कॅमेरा बंद पडतो, कोणाची बायको बाळंत होते. तेव्हा शेजारचा आपल्यातली एक फ्रेम देतो. एका क्लिकला ते फ्रेम म्हणतात. ती ज्याला दिली त्याच्या नावानं छापून येते. देणारा कधी बोलत नाही, घेणारा कधी परत करत नाही. राजेशनंसुद्धा दिल्यात. दुसऱ्या पेपरांत दुसऱ्यांच्या नावांखाली त्याचे फोटो आहेत, त्यानं मला कधी सांगितलं नाही. “आम्ही साहेबांसाठी एकमेकांचे दुश्मन, आई. दोरीमागे नाही.”

मी म्हटलं, ते पेपरात ठीक. दुसऱ्या दिवशी त्यात वडे बांधतात. हे पुस्तक आहे.

त्यानं ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, “आता बोललो तर नोकरी जाईल. पेपरनं माझ्या नावानं छापलाय तो. त्यांना कारणच पाहिजे.”

खोटं बोलत नव्हता तो. मी त्याला म्हटलं, तोंड धू, आपण गिरगावात जातोय. कशाला, म्हणाला. म्हटलं, मी तिथे काय काय बोलायची राहिले ते बोलायला. खरं तर काय बोलणार, मला माहीत नव्हतं.

हितेंद्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. लाकडी जिना, उभा. प्रत्येक मजल्यावर मी थांबले, राजेश मागे हात धरून. हितेंद्र खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला बघून हसला. “राष्ट्रपतींना सोडून काकी आमच्याकडे? पास काढला का?” मी हसले नाही. त्यानं राजेशचा चेहरा बघितला, मग प्रितीकडे बघून गुजरातीत काहीतरी बोलला, हळू. ती आत निघून गेली.

मी त्याला सरळ सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, आता झालं. मी भिंतीवर तुझा फोटो लावून माझ्या मुलाची आरती केली. तो तुझा आहे, पुस्तकात तुझं नाव लागू दे.

हितेंद्रनं मान हलवली. “फ्रेम दिली की दिली, काकी. ती परत करतात का कोणी? मग उद्या कोण कोणाला देईल?” आणि राजेशला म्हणाला, “तू काय आईला घेऊन आलास रे? दिल्लीला पाठव आणि मोकळा हो. माझ्या नावाचं मी आता काय करू, हातानं चहा पिता येत नाही मला.”

राजेशचे खांदे खाली आले. सुटल्यासारखा श्वास घेतला त्यानं. माझा मुलगा आहे, त्याचा श्वास मला कळतो. त्या श्वासाचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं सगळ्या दिवसात कशाचं वाटलं नव्हतं. आणि त्याच्यावर रागवायचं तरी कसं? पोरीचं कॉलेज आहे, बायको आहे, मी आहे आणि माझ्या गोळ्या आहेत. मीपण क्षणभर म्हटलं, देणारा नको म्हणतोय, चला घरी.

प्रिती चहा घेऊन आली. ट्रे खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

“ह्यांना नको असेल,” ती म्हणाली. “मला पाहिजे.”

हितेंद्र म्हणाला, प्रिती.

“नाही, बोलू द्या. एकोणतीस वर्षं पेपरात ह्यांचे फोटो बघितले मी. खाली कंपनीचं नाव. एजन्सीत माणसाचं नाव छापतच नाहीत. आमची देविका शाळेत सांगायची, हा माझ्या पप्पांनी काढलाय. पोरं विचारायची, मग नाव कुठाय? एकदा पेनानं लिहून घेऊन गेली होती, ह्यांचं नाव, फोटोखाली. बाईंनी ओरडा दिला.” तिनं कपातला चहा बशीत ओतला, हितेंद्रच्या तोंडाशी धरला. त्यानं तोंड बाजूला केलं. “एकदा पाहिजे. एकदाच. राजेशभाईंची नऊ आहेत भिंतीवर, मी मोजली नाहीत, काकींनीच सांगितलं.”

खाली वाडीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

मी आयुष्यात सगळ्यांना सांगत आले, हे कर, ते करू नको. मालकांना, पोराला, सुनेला, चाळीच्या कमिटीला. त्या वेळी मला ते जमेना. मी राजेशला म्हटलं, “दिल्लीला खरं लिही म्हणून मी सांगणार नाही. घर तू चालवतोस. पण हा फोटो निघाला तेव्हा तू माझ्याजवळ बसला होतास. मला तेवढं पुरे आहे. त्याच्यावर आणखी फोटो मला नको.”

तो उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग फोन काढला आणि लिहायला लागला. इंग्रजीत. दोन्ही अंगठ्यांनी, मध्येच थांबत. चहावर साय धरली. लिहून झाल्यावर मला मराठीत समजावून सांगितलं : हा फोटो माझा नाही, हितेंद्र शाह ह्यांनी काढलेला आहे, कौटुंबिक कारणामुळे मी त्या दिवशी कार्यक्रमाला जाऊ शकलो नव्हतो. मी म्हटलं, कौटुंबिक कारण काय, बारसं होतं का? सरळ लिही, आई आयसीयूत होती. त्यानं ते घातलं. माझ्या दुखण्याचं मी आजवर कोणाला सांगू दिलं नव्हतं, आता दिल्लीला कळलं.

दिल्लीला पाठवलं तसं त्यानं आपल्या साहेबालाही पाठवलं. मी विचारलं, साहेबाला कशाला? म्हणाला, उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा.

हितेंद्रनं हे सगळं बघितलं. मांडीखालचे हात त्यानं काढले नाहीत. राजेशला एवढंच म्हणाला, “मी दिलेलं तू परत केलंस.” आणि तोंड खिडकीकडे केलं. राजेश त्याच्या खुर्चीशी उभा राहिला थोडा वेळ, दोरीमागे उभा राहतो तसा. हितेंद्र वळला नाही. आम्ही निघालो तरी वळला नाही.

प्रिती खालपर्यंत आली, माझं कोपर धरून. तिनं थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी ओरडले असते. रस्त्यावर आल्यावर फक्त म्हणाली, त्यांचं असंच आहे, चार दिवस बोलणार नाहीत. मी म्हटलं, माझ्या मुलाशी किती दिवस? ती म्हणाली, ते मला नाही सांगता येत.

टॅक्सी ऑपेरा हाउसच्या सिग्नलला उभी होती तेव्हा राजेशचा फोन वाजला. तो नुसता हो म्हणत होता. हो. हो, मीच पाठवला. हो. बरं. फोन खिशात ठेवून त्यानं मला सांगितलं, उद्या वरळीच्या कार्यक्रमाला जाऊ नको म्हणाले, राष्ट्रपतींचा फोटो एजन्सीचा घेतील. बाकीचं सोमवारी ऑफिसात बोलू म्हणाले. सोमवारी काय बोलतात ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. दर्शनाला त्यानं घरी आल्यावर आतल्या खोलीत सांगितलं. तिचा आवाज एकदाच चढला, मग बंद झाला. सकाळी माझ्यासमोर चहा ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचं बरोबर आहे. तिनं नारळ बोलला होता.

दुसऱ्या दिवशी राजेश उठलाच नाही. सातला नाही, नऊला नाही. पालथा, एक हात खाटेखाली लोंबकळत. इतक्या वर्षांत राष्ट्रपती शहरात असताना मी त्याला घरात झोपलेला बघितला नव्हता.

अकराला शेजारच्या आनंदीबाई आल्या. त्यांचा टीव्ही भिंतीपलीकडे मोठ्यानं लागलेला. सुभद्राबाई, वरळीला राष्ट्रपती आलेत, लाइव्ह दाखवतायत, चला बघायला, राजेश दिसेल दोरीपाशी. मी सांगितलं, तो तिथे नाही. मग कुठे? आत झोपलाय. बरं नाही का? ताप?

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. ताप चाळीत कोणालाही येतो. पण मग सोमवारी काय सांगू, आणि मंगळवारी?

“काढतायत त्याला कामावरून,” मी म्हटलं. “तो समईचा फोटो त्याचा नव्हता. त्या दिवशी तो हॉस्पिटलात माझ्यापाशी बसला होता. काल त्यानं स्वतःच कळवलं. तुमचा टीव्ही जरा बारीक करा, आनंदीबाई, झोपू दे त्याला.”

त्या आल्या तशा गेल्या. थोड्या वेळानं भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला. बँडचं काहीतरी चालू होतं, तेवढं अंधुक ऐकू येत राहिलं. मी तांदूळ निवडायला घेतले. सोमवारला अजून तीन दिवस होते.